अनुभव धागा: अंगाचं माप आणि मनातलं माप

नमस्कार मंडळी,

कपडा, चष्म्याची फ्रेम, चेहऱ्याचं क्रीम, व्यायामशाळेचं सभासदत्व, प्रथिनांचा डबा. पैसे देणारा माणूस एक असतो आणि वस्तू ज्याच्यासाठी घेतली जाते तो पुष्कळदा दुसराच. ग्राहकाच्या स्व-प्रतिमेवरच्या संशोधनाचा आढावा जोसेफ सर्जी यांनी १९८२ साली घेतला. त्यात या दुसऱ्या माणसाची चार रूपं वेगळी केलेली आहेत: माझ्या मते मी आहे तसा, मला व्हायचंय तसा, लोकांना दिसत असेन तसा, आणि लोकांना दिसावं असं वाटतं तसा. लक्षात घ्या, चौघांपैकी एकाचंही माप टेपने घेतलेलं नाही.

शिवणकाम, विक्री, छायाचित्रण, जाहिरात, व्यायाम, संशोधन, समुपदेशन अशा क्षेत्रांत काम करणाऱ्यांना खास आमंत्रण. आपबीती नको. कामातून जे पक्कं कळलंय ते लिहा: मापं, पायऱ्या, कुठे चुकतं आणि का.

बखिया

सुरुवात साइझच्या आकड्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तोच देतो आणि सगळ्यात कमी भरवशाचाही तोच आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली गेली. त्यावरून १९५८ साली साइझचं प्रमाण ठरलं आणि १९८३ साली ते मागे घेतलं गेलं. तेव्हापासून तिथे आकडा ज्याचा त्याने ठरवायचा. मोठ्या मापाच्या कपड्यावर लहान आकडा लावला की गिऱ्हाईक सुखावतं, हे उत्पादकांना ठाऊक आहे. उलटी बाजूही तपासली गेली आहे. अपेक्षेपेक्षा मोठा आकडा लागला तर माणूस तो कपडा ठेवून देतो, पण रिकाम्या हाताने जात नाही. दागिना, पर्स असं काहीतरी, ज्याला साइझच नसतो, ते उचलतो. २०१४ च्या एका अभ्यासात हे नीट दाखवलं आहे.

म्हणून आकडा सोडा, सेंटिमीटर धरा. पातळ कपड्यावरून माप घ्या. छाती सगळ्यात भरीव भागावर. कंबर शोधायला बाजूला वाका, जिथे घडी पडते ती कंबर. पँटचा पट्टा बसतो ती नव्हे. नितंब कंबरेपासून साधारण १८ ते २० सेमी खाली, सगळ्यात रुंद जागी. टेप चारी बाजूंनी जमिनीला समांतर हवी, पाठीमागे ती हमखास घसरते, म्हणून आरशाला पाठ करून बघा किंवा दुसऱ्याला धरायला सांगा. टेपखाली एक बोट जायला हवं. श्वास सोडून माप घ्या. पोट आत ओढून घेतलेलं माप हे मनातलं माप, त्यावर शिवलेला कपडा पहिल्याच जेवणाला उसवतो.

तीन मापं तीन वेगवेगळ्या साइझमध्ये पडणं अगदी नेहमीचं आहे. दोन लगतच्या साइझमध्ये घेराचा फरक पुष्कळदा ४ सेमीचा असतो, आणि शरीर काही चारच्या पाढ्याने वाढत नाही.

न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टला छातीत अंगापेक्षा ८ ते १० सेमी सैलपणा लागतो, अंगाबरोबर बसणाऱ्याला ५-६. ताणणाऱ्या विणीला शून्यही चालतो.

आता दोन चुका. पहिली, 'बारीक झाल्यावर येईल' म्हणून एक साइझ लहान घेणं. तयार कपड्यात शिवणीच्या आत १ ते १.५ सेमीच कापड असतं. दोन्ही बाजू उसवून घेर जेमतेम २-३ सेमी वाढतो, त्याहून जास्त कुणीही वाढवून देऊ शकत नाही. दुसरी, अंग झाकायला दोन साइझ मोठं घेणं. खांद्याची शिवण दंडावर उतरते, काखेचा कापा खाली जातो, हात उचलला की सगळा कपडा वर येतो आणि माणूस आहे त्याहून रुंद दिसतो. खांदा दुरुस्त करणं सगळ्यात कठीण, कंबर आणि लांबी सगळ्यात सोपी. म्हणून शर्ट, कोट, झगा खांद्यावर बसेल तो घ्या आणि बाकीचं आत घ्यायला लावा.

खोक्यातली चिठ्ठी

बखिया, खांद्याच्या मुद्द्याला दुजोरा. ऑनलाइन विक्रीत परत येणाऱ्या मालाची जी कारणं नोंदली जातात त्याबद्दल लिहितो. 'साइझ जमला नाही' या एका पर्यायाखाली दोन वेगळ्या गोष्टी लपतात: कपडा खरंच घट्ट झाला, किंवा कपडा बसला पण त्यातला माणूस फोटोतल्यासारखा दिसला नाही. दुसऱ्याला साइझ बदलून पाठवला तर तोही परत येतो. म्हणून परतीच्या फॉर्मवर 'अंगावर बसतो, पण दिसणं अपेक्षेप्रमाणे नाही' हा पर्याय स्वतंत्र ठेवा. आणि वाक्याचा कर्ता कपडा ठेवा: 'कपडा कंबरेत घट्ट होतो', 'बाही आखूड पडते'. 'मला होत नाही' असं लिहिलेला पर्याय लोक टाळतात आणि 'इतर' निवडून मोकळे होतात. मग विक्रेत्याच्या हाती काहीच लागत नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: आपल्याकडचा सगळ्यात नीट बसणारा कपडा सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हे माप तक्त्यातल्या 'कपड्याच्या मापा'शी ताडा. बरेच तक्ते 'अंगाचं माप' देतात, दोन्हींची गल्लत केली की पूर्ण एक साइझ चुकतो.

तिपाई

आरसा आणि मोबाइल, दोघांबद्दल.

हाताच्या अंतरावरून, म्हणजे साधारण ३० सेमीवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोतल्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हा हिशेब २०१८ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आहे. यात भिंगाचा दोष नाही, सगळा खेळ अंतराचा आहे. नाक कॅमेऱ्याच्या जवळ, कान लांब, म्हणून नाक फुगतं आणि कान आक्रसतात. अशा फोटोवरून कुणी फ्रेम निवडतं, कुणी मेकअपची शेड ठरवतं, कुणी शस्त्रक्रियेची चौकशी करतं.

फोटोवरून काही ठरवायचं असेल तर फोन डोळ्यांच्या उंचीवर, दीड-दोन मीटर दूर टेकवा, टायमर लावा, दुप्पट झूम ठेवा, सौंदर्य-फिल्टर बंद करा. फिल्टर काही फोनवर आधीपासून चालू असतो, सेटिंगमध्ये जाऊन बघावं लागतं. प्रकाश खिडकीचा, समोरून.

आपला फोटो आपल्याला परका वाटतो त्याचं कारणही साधं आहे. आपल्याला आरशातला, डावा-उजवा उलटलेला चेहरा ओळखीचा. १९७७ सालच्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःची आरशातली बाजू पसंत केली, तर त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ फोटो. तेव्हा फोटोतला चेहरा 'वाकडा' वाटला म्हणून काही विकत घेण्याआधी तोच फोटो आडवा उलटवून बघा.

ट्रायल रूममध्ये दिवा डोक्यावर असेल तर डोळ्यांखाली, पोटाखाली सावल्या पडतात. त्वचा आणि अंग दोन्ही खडबडीत दिसतं. वरचं टोक मागे झुकवून भिंतीला टेकवलेला आरसा खालून बघितल्यासारखा कोन देतो, पाय लांब भासतात. दोन्हींवर विश्वास ठेवू नका. बाहेर येऊन, उभ्या सरळ आरशापासून दोन मीटरवर उभे राहा, मग बसून बघा, हात वर करून बघा.

डंबेल

व्यायामशाळेचं सभासदत्व ही 'मला व्हायचंय तसा' या माणसासाठी केलेली सगळ्यात चोख खरेदी. अमेरिकेतल्या तीन क्लबांच्या नोंदींवरचा २००६ चा अभ्यास अर्थशास्त्रात गाजलेला आहे: मासिक शुल्क भरणारे महिन्याला सरासरी ४.३ वेळा आले, म्हणजे दर खेपेला १७ डॉलरहून जास्त पडले, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला तर खेप १० डॉलरला मिळत होती. पैसे भरताना प्रत्येकाने स्वतःला नियमित येणारा धरलं होतं.

उपाय: आधी दहा खेपांचा पास. तो सहा आठवड्यांच्या आत संपला तर मासिक शुल्क, नाहीतर परत पासच. चटई, पट्टे, बूट हेही याच क्रमाने, आधी सवय मग सामान. उलट क्रमात सामानच समाधान देऊन जातं.

वजनकाट्याबद्दल. दिवसभरात १-२ किलोचा चढउतार पाणी, मीठ आणि पोटातल्या अन्नाने होतो. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे पिष्टमय पदार्थांतून साठलेल्या साखरेबरोबर) साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे पिष्टमय पदार्थ तोडले की पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो. 'सात दिवसांत तीन किलो' छापणारी पाकिटं याच पाण्यावर चालतात. रोज सकाळी, शौचानंतर, एकाच काट्यावर वजन घ्या आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडा. क्रिएटिन, म्हणजे व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पूड, घेणाऱ्याचं वजन सुरुवातीला किलोभर वाढतं, तेही पाणीच. नेहमीचा डोस दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, त्यावर चढत जाण्याने स्नायू काही दुप्पट होत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

मुलग्यांना हे छळत नाही असं कुणी समजू नका. पिळदार शरीर असूनही 'मी किडकिडीत आहे' असं वाटत राहणं, त्यापायी एकामागून एक डबे आणि शेवटी स्टेरॉइड, हा आजार आहे. २०१३ च्या मानसोपचाराच्या वर्गीकरणात शरीरप्रतिमेच्या विकाराखाली त्याची नोंद आहे.

सातपैकीचार

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, कारण दरवर्षी त्याच चुका दिसतात.

एक. शरीराबद्दलचे प्रश्न खरेदीच्या प्रश्नांच्या आधी विचारू नका. आधी 'तुम्ही तुमच्या पोटाबद्दल समाधानी आहात का' आणि मग 'हा कपडा घ्याल का' विचारलं, तर दुसऱ्याचं उत्तर पहिल्याने रंगलेलं असतं. वस्तू आधी, शरीर नंतर, वय-उंची-वजन सगळ्यात शेवटी.

दोन. आकृतीपट्टी वापरत असाल, म्हणजे अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांची १९८३ ची कृश ते स्थूल अशी नऊ चित्रं, तर 'आत्ता कसे आहात' आणि 'कसं असावं' हे दोन प्रश्न वेगळ्या पानांवर ठेवा. एकाच पानावर ठेवले की उत्तर देणारा पहिल्याच्या शेजारचं चित्र निवडून टाकतो. दोन उत्तरांमधला फरक काढताना उणे आणि अधिक वेगळे ठेवा: बारीक व्हायचं असणारा आणि भरायचं असणारा यांची सरासरी काढली तर शून्य येतं आणि 'सगळे समाधानी' असा खोटा निष्कर्ष निघतो.

तीन, आणि ही सगळ्यात खोल चूक. स्व-प्रतिमा आणि ब्रँडची प्रतिमा एकाच विशेषणांवर मोजून वजाबाकी करायची, ही जुनी पद्धत. तिच्यात दोन्हींतली मोजणीची चूक वजाबाकीत साठते, शिवाय जी विशेषणं उत्तर देणाऱ्याच्या मनातही नव्हती ती आपणच त्याच्या तोंडी घालतो. सर्जी आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली थेट पद्धत मांडली: 'ही वस्तू नेहमी वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. आता सांगा, तो माणूस तुमच्यासारखा आहे का?' आधी डोळे मिटून आठवायला वेळ द्या, मग १ ते ७ ची पट्टी. मधल्या चारवर ढीग पडला तर समजा की डोळ्यांसमोर कुणी आलंच नाही, सूचना पुन्हा लिहा.

मथळेवाली

जाहिरातीची मजकूर-रचना १९१९ पासून फारशी बदललेली नाही. त्या वर्षी ओडोरोनो या घाम रोखणाऱ्या द्रावाच्या जाहिरातीने स्त्रियांना सांगितलं की तुमच्या काखेचा वास तुम्हाला येत नाही, इतरांना येतो आणि ते बोलत नाहीत. तीन पायऱ्या: शरीराच्या एका साध्या गोष्टीला दोषाचं नाव द्या, ती बघणारा कुणीतरी उभा करा, मग बाटली पुढे करा. दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. बघणारा नसेल तर दोषाची लाज वाटत नाही.

कोणतीही जाहिरात तपासायची असेल तर त्यातली सगळी विशेषणं खोडा आणि 'कोण बघतंय?' असं विचारा. उरलेल्या मजकुरात वस्तू काय करते हे सापडलं तर ठीक. नाही सापडलं, फक्त बघणाराच उरला, तर तुम्हाला विकली जातेय ती नजर.

बदललेल्या छायाचित्रांवर सूचना छापण्याचा नियम फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, नॉर्वेत २०२२ पासून. हेतू चांगला, पण सूचना वाचूनही तुलना थांबत नाही असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. चित्र डोळ्यात आधी शिरतं, पट्टी नंतर.

ऐकणारी

मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांची १९८७ ची मांडणी खरेदी समजून घ्यायला फार उपयोगी पडते. 'मी आहे' आणि 'मला व्हायचंय' यांत दरी असली की मन खिन्न होतं. 'मी आहे' आणि 'मी असायला हवं' यांत असली की धास्ती, अपराधीपणा. खिन्न माणूस स्वतःला रिझवायला घेतो. धास्तावलेला माणूस कुणाच्या तरी बोलण्यापासून वाचायला घेतो. समारंभाच्या आदल्या आठवड्यातली खरेदी बहुधा दुसऱ्या प्रकारची.

करून बघण्यासारखं: वस्तू यादीत लिहा, समोर एकच शब्द, 'हवंय' (मला आवडतं म्हणून) किंवा 'हवं' (असायला हवं म्हणून). दोन दिवस थांबा. 'हवं' लिहिलेल्या वस्तूपुढे कोणाच्या मते, तेही लिहा. नाव लिहिताना हात थांबतो तिथे बरंच कळतं.

एक गंभीर गोष्ट. दिसण्यातल्या एखाद्या, इतरांना जेमतेम जाणवणाऱ्या दोषाचा विचार रोज तास-दोन तास डोक्यात असेल, आरसा सतत बघितला जात असेल किंवा मुद्दाम टाळला जात असेल, एका उपचारानंतर लगेच दुसऱ्या अवयवाकडे लक्ष जात असेल, तर क्रीम किंवा शस्त्रक्रिया हा मार्ग नाही. त्याने आराम पडत नाही असंच बहुतेकदा दिसतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. विचार-वर्तन उपचार आणि औषधं यांचा चांगला उपयोग होतो.

पाटीपेन्सिल

लहान मुलांसाठी कपडे घेताना हे कसं सांभाळायचं?

बखिया

पाटीपेन्सिल, खोक्यातली चिठ्ठी यांनी फॉर्मसाठी सांगितलेला नियम घरीही लावा: कर्ता कपडाच. 'फ्रॉक आखूड झाला', 'पँट कंबरेत लहान पडते'. साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या मुलींवरच्या २००६ च्या एका प्रयोगात, बार्बीची चित्रं बघितल्यावर लहान मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान घटलेलं आढळलं. म्हणजे हे सगळं शाळेच्या पहिल्या इयत्तांतच सुरू होतं.

लेबलवर 'अमुक वर्षे' लिहिलेलं असतं तेही वाचून दाखवू नका, 'तू आठची आणि तुला दहाचा लागतो' हे वाक्य मुलाच्या डोक्यात राहतं. मुलांना उंची हेच खरं माप, ते सेंटिमीटरमध्ये घ्या. एका कार्डावर उंची, छाती, कंबर, पायाची आतली लांबी आणि तारीख लिहा, मूल वाढीत असताना तीन महिन्यांनी बदला. दुकानात कार्ड काढायचं, साइझ विचारायचा नाही.