मदत हवी आहे: मूल गमावलेल्या आईला काय सांगावे?

सर्व बंधुभगिनींना ख्रिस्तात सलाम.

आमच्या मंडळीतील एका भगिनीचा लहान मुलगा गेल्या महिन्यात रक्ताच्या कर्करोगाने प्रभूकडे गेला, आणि ‘देव प्रीती आहे, तर त्याने हे का होऊ दिले?’ या तिच्या प्रश्नापुढे मी, इतकी वर्षे शब्बाथ शाळेत शिकवत असूनही, निरुत्तर झालो. माणसाने इच्छास्वातंत्र्याचा गैरवापर केला, हे उत्तर युद्ध, खून, अन्याय यांना लागू पडते. पण बालकाच्या रक्तात वाढलेल्या रोगाला ते कसे लावावे, हे मला कळत नाही. कोणी तिला ‘हे पापाचे फळ’ असेही म्हणाले, याचे मला फार वाईट वाटले, कारण शिलोहातला बुरूज पडून मेलेले 18 जण इतरांपेक्षा अधिक दोषी होते हा समज प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात स्पष्टपणे नाकारला आहे. बायबलमधील, मुले व सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, तेवढाच काळ त्याच्या उपयोगी पडले.

पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईवडील गमावले आणि 1921 मध्ये, स्वतःच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी, एकुलती एक मुलगी मनोरमा. तरी त्यांचा विश्वास टिकला. परंतु हे उदाहरण आताच दिले, तर तिला त्यात दिलासा वाटेल की दोषारोप?

ज्यांनी असा शोक स्वतः सोसला आहे किंवा पाळकीय सेवेत जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सांगावे की त्या वेळी कोणता शास्त्रभाग आधार ठरला आणि कोणते बोलणे टाळायला हवे होते. येत्या रविवारी उपासनेनंतर मी तिच्या घरी जाणार आहे.