‘लक्षात राहत नाही’ : तपासणी नेमकी कशाची?

पूर्वभागातली सून
मामांना (सासरे, वय ७४, सगळी हयात यंत्रमागावर गेली) मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं होतं. एमआरआय झाला, बी-१२ आणि थायरॉइडसाठी रक्त दिलं. आता चिठ्ठीवर लिहिलंय ‘न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट’. हे घरी मराठीत काय म्हणून सांगू? ‘परीक्षा’ म्हणाले तर मामा म्हणतात, या वयात मला नापास करायला नेताय का. ‘मानसशास्त्रीय’ म्हणाले तर सासूबाई घाबरल्या, गल्लीत कळलं तर काय म्हणतील. सोपा आणि खरा शब्द सुचवा. तिथे काय करतात हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

निवृत्त मास्तर
शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘चेतामानसशास्त्रीय मूल्यमापन’. शाळेच्या विज्ञानात चेतापेशी, चेतासंस्था येते, त्याच वळणाचा. पण मामांसमोर हा शब्द काढू नका, अहवालाच्या मथळ्यावरच तो शोभेल. ‘चाचणी’ म्हटलं की घटक चाचणी आठवते, म्हणजे पुन्हा परीक्षाच. माझं मत ‘तपासणी’ला. डोळ्यांची तपासणी करतात, तीत कुणी नापास होत नाही.

काय बे
मी झालो की नापास, मास्तर! लायसन्सच्या वेळी.

मानसशास्त्रज्ञ, होटगी रोड
हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘तपासणी’ चालेल. घरी ‘स्मरणशक्ती आणि विचार करण्याच्या क्षमतेची तपासणी’ एवढं सांगा. ‘फक्त गप्पा मारायच्या आहेत’ असं मात्र सांगू नका. माणूस येऊन बसतो, आम्ही आकडे उलटे म्हणायला सांगतो आणि तो घरच्यांवर चिडतो. चिडलेल्या माणसाचे निकाल वाचणं अवघड होतं.

आमच्याकडे बहुतेक जण एकच वाक्य घेऊन येतात : ‘लक्षात राहत नाही’. या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात. पहिली, लक्षच गेलं नाही. टीव्ही चालू, कानाला कमी ऐकू येतं, झोप झालेली नाही, मन उदास आहे. गोष्ट आत शिरलीच नाही तर राहणार कुठून? दुसरी, लक्ष होतं पण गोष्ट टिकली नाही. तिसरी, टिकली आहे पण वेळेवर आठवत नाही. कुणी आठवण करून दिली की ‘हां हां, बरोबर’ म्हणतात. आपली भाषा तिन्हींना ‘लक्षात’ हा एकच शब्द वापरते. तपासणीचा निम्मा खटाटोप या तिघी वेगळ्या काढण्याचा असतो.

उदाहरण देते. पंधराएक शब्दांची यादी वाचून दाखवतात आणि आठवतील तेवढे म्हणायला सांगतात. तीच यादी पुन्हा, असं पाच वेळा. दर वेळी आकडा वाढतो का, हे पाहायचं. मग दुसरीच कामं देतात. साधारण अर्ध्या तासानं विचारतात, मघाचे शब्द कोणते? शेवटी ते शब्द नव्या शब्दांत मिसळून एकेक वाचतात आणि ‘हा होता का?’ एवढंच विचारतात. आपणहून आठवलं नाही पण ऐकल्यावर ओळखलं, तर शब्द आत आहे, काढता येत नाही. ओळखलंही नाही, तर तो टिकलाच नाही. अल्झायमरमध्ये बहुधा हे न ओळखणं दिसतं. नैराश्यात ऐकल्यावर ओळखण्याची शक्यता जास्त. अर्थात एका कामावरून कुणी निदान करत नाही. एमआरआय, रक्त आणि हे सगळं एकत्र ठेवून डॉक्टर ठरवतात.

बाकी आकृती उतरवणं, घड्याळ काढून काटे दाखवणं, चित्रांची नावं सांगणं, एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगणं. सुई नाही, यंत्र नाही. दोन ते चार तास धरा, कधी दोन दिवसांत विभागून. सुरुवातीला बराच वेळ बोलण्यात जातो आणि घरच्यांशी वेगळं बोलतात : कधीपासून, पैशाच्या व्यवहारात चुका होतात का, ओळखीचा रस्ता चुकला का, स्वभाव बदलला का. तुम्ही सोबत जाच.

आणि प्रश्न इंटरनेटवरून शोधून मामांकडून घोकून घेऊ नका. पाठ करून आलेल्या माणसाची तपासणी वाया जाते.

निवृत्त मास्तर
‘लक्षात’चं हे मी आयुष्यभर शिकवूनही कधी पाहिलं नव्हतं. मुलांना ‘लक्ष दे’ आणि ‘लक्षात ठेव’ एकाच दमात सांगायचो. ‘ध्यानात’ही तसाच की!

पूर्वभागातली सून
ताई, अजून एक. आम्ही घरात तेलुगू बोलतो. मामा मराठी वाचतात, बाजारात मराठीच, पण हिशेब तोंडातल्या तोंडात तेलुगूत. तपासणी कुठल्या भाषेत मागायची?

मानसशास्त्रज्ञ, होटगी रोड
हे आधी विचारलंत ते फार बरं केलंत. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे हा प्रश्न रोजचा आहे. शंभरातून सात वजा करत जा, असं एक नेहमीचं काम असतं. मराठीत उत्तरं येतात त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. ‘एकोणऐंशी’ म्हणजे ऐंशीला एक कमी. मराठी लहानपणापासून नसेल तर या शब्दापाशीच माणूस अडखळतो. तेलुगूत तेच ‘डेब्बै तोम्मिदि’, सत्तर-नऊ, सरळ. मराठीत अडखळला म्हणून वजाबाकी गेली असं लिहिणं अन्याय होईल. ज्या भाषेत हिशेब, त्या भाषेत तपासणी मागा. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अशा तपासण्यांचा संच काही भारतीय भाषांत तयार केला आहे. त्यात तेलुगू आणि कन्नड दोन्ही आहेत. मात्र छापील तेलुगूतले काही शब्द सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूत वापरात नसतात, तेही तपासणाऱ्याला सांगून ठेवा. दुभाषा म्हणून घरचं माणूस बसवणं टाळा. आपण नकळत उत्तर सुचवतो, सगळेच सुचवतात.

वेळ घेताना समोरची व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे (चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी तिथे होते) नोंदणीकृत आहे का, हे विचारायला संकोच नको.

काय बे
आन् मार्क किती पडतात ते कळतं का? माझ्या आत्याच्या रिपोर्टवर ‘परसेंटाइल १६’ होतं. घरात रडारड. शंभरात सोळा म्हणून!

निवृत्त मास्तर
त्याला मराठीत ‘शततमक’. टक्के नव्हेत. तशाच शंभर माणसांत साधारण सोळा जण तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, एवढाच अर्थ.

मानसशास्त्रज्ञ, होटगी रोड
बरोबर. आणि ‘तशाच’ म्हणजे त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या माणसांत. सोळा हा आकडा बहुधा सरासरीच्या खालच्या कडेवर धरतात, रडण्यासारखा नाही. एकाच आकड्यापेक्षा कशात बरं आणि कशात कमी, हा आराखडा महत्त्वाचा. अहवाल हातात घेऊन निघू नका, समजावून सांगायची वेळ मागून घ्या.

जाताना चष्मा, कानाचं यंत्र, चालू गोळ्यांची यादी आणि जुने कागद न्या. नाश्ता करून जा. गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, झोपेची असली तर आधी सांगा.

पूर्वभागातली सून
शिक्षण विचारतील तेव्हा काय सांगू? कागदावर चौथी. पण मामा कारखान्यात जॉबर (मागांवर देखरेख करणारे मुकादम) होते, रोज पेपर वाचायचे, कामगारांच्या पगाराची वही तेच लिहायचे.

मानसशास्त्रज्ञ, होटगी रोड
दोन्ही सांगा. चौथी तर सांगाच, आणि पगाराची वही आठवणीनं सांगा. जुनी एखादी वही घरात असेल तर सोबत आणा.