मदत हवी आहे: पिटबुलसाठी शेल्टरच्या कामगारांना तयार कसं करायचं?

नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या कुत्र्यांच्या एका छोट्या शेल्टरमध्ये (निवारा केंद्रात) मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. मार्च २०२४ मध्ये पिटबुलसह कुत्र्यांच्या २३ जातींवरच्या बंदीचं केंद्राचं पत्रक आलं, एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्दही केलं. पण लोकांच्या मनातली धास्ती काही गेली नाही.

आमच्याकडचे दादा-मावशी गावठी कुत्र्यांना लीलया हाताळतात, पण पिटबुलच्या पिंजऱ्यात काठी घेऊनच शिरतात. कान कापलेला एक नर आहे. माणसांच्या अंगाशी येऊन बसतो, पण दुसरा कुत्रा दिसला की बिथरतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कामगारांना कसं पटवायचं? शरीर ताठ होणं, ओठ चाटणं, नजर रोखणं या कुत्रा अस्वस्थ असल्याच्या खुणा त्यांना प्रत्यक्ष दाखवणारं कुणी हवंय. मझलची (तोंडाला बांधायच्या जाळीची) सवय खाऊ देऊन हळूहळू कशी लावायची, तेही.

दत्तक घ्यायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका! बरेच जण फार्महाउसच्या राखणीला ‘डेंजर’ कुत्रा मागतात. साखळीला बांधणार का, घरात लहान मूल किंवा दुसरा कुत्रा आहे का, घरमालकाची परवानगी आहे का, हे कामगारांनीच न संकोचता विचारायला हवं. (नसबंदीशिवाय आम्ही देत नाही, त्यावर वाद नको.)

कुणाकडे मराठीतलं प्रशिक्षणाचं साहित्य, व्हिडिओ किंवा दत्तक घेणाऱ्यांच्या मुलाखतीचा नमुना अर्ज आहे का? पुण्यात अर्धा दिवस येऊ शकेल असा अनुभवी प्रशिक्षक माहीत असेल तर सांगा. मारून ‘सरळ करणारे’ मात्र सुचवू नका.