शहरातल्या लोकांना आवणी (भाताची लावणी), बियाणं, साठवण शिकवायचीय – कशी सुरुवात करू?

मुळशीची_सून:
नमस्कार मंडळी, आमची मुळशी तालुक्यात भाताची खाचरं आहेत, आंबेमोहर आणि इंद्रायणी दोन्ही करतो. पुण्यातले ओळखीचे लोक दर पावसाळ्यात विचारतात आवणीला येऊ का म्हणून, आणि मला त्यांना मनापासून शिकवायचंय पण चिखलात उतरून रील काढायचा कार्यक्रम नकोय. शेजारच्या गावात असा एक ग्रुप येऊन गेला, तासाभरात फोटो उरकले आणि मग बायकांना ते सगळं उपटून परत लावावं लागलं, कारण एकेका जागी मूठमूठ रोपं आणि तीपण खोल खुपसलेली.
आमच्या सासूबाईंना राब भाजण्यापासून (रोपं करायची जागा पालाफांद्या, शेण पसरून जाळणं) कणगीत, म्हणजे धान्याच्या विणलेल्या मोठ्या टोपल्यात, भात भरेपर्यंत सगळं येतं. बियाण्यासाठी कुठल्या लोंब्या ठेवायच्या ते त्या कापणीच्या आधी उभ्या पिकातून फिरून ठरवतात, भेसळीचं झाड लांबून ओळखतात. घरातल्या पोरांना यातलं काही नकोय, माझा जीव तुटतो हो. तर एका दिवसात नेमकं काय शिकवावं, पैसे घ्यावेत का, आणि शहरात फ्लॅटमध्ये राहून या लोकांना वापरता येईल असं यातलं काय आहे?

दापोलीचा_बागायतदार:
ताई, पैसे घ्याच आणि सासूबाईंचा वाटा त्यांच्याच हातात द्या. शिकवायला लागलं की काम निम्म्यावर येतं, त्या दिवशी बरोबरच्या बायकांचा रोज बुडता कामा नये, तो आधी धरा आणि मग जेवणाचा खर्च मिळवा, फी आपोआप ठरते. मुक्कामाला माणसं ठेवणार असाल तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलंय, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, ते एकदा बघून घ्या.
आता शिकवायचं. सगळ्या खाचरांत माणसं सोडू नका, कडेचं एक छोटं खाचर वेगळं ठेवा. डॉ. सावंतांची चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांची भातलागवड, आमच्याकडं बरेच जण करतात, नवख्याला ती लवकर कळते कारण दोरीवर खुणा असतात, 25 सेंटीमीटर मग 15 मग परत 25 अशी आलटून पालटून, खुणेवर एक चूड, चुडात दोन-तीन रोपं, आणि तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल नाही. खोल गेलं की फुटवे (बुंध्यातून फुटणाऱ्या नव्या काड्या) कमी येतात, हे कारण सांगितलं तरच लोक हात आवरतात. चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपी खताची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) दाबायची, चिखलणीत गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) पाला घालायचा, आणि रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख, तिच्यातल्या सिलिकामुळं रोपाची काडी टणक होते.
आणि एकदाच येणारे घेऊ नका. वैशाखात राबाला, आषाढात आवणीला आणि कार्तिकात कापणी-झोडणीला अशा तिन्ही वेळा यायची तयारी असेल त्यांनाच नाव नोंदवायला सांगा.

सह्याद्री_पायवाट:
राबाबद्दल थोडं वेगळं मत आहे. राब भाजला की तणाचं बी मरतं, माती मोकळी होते, राख मिळते, हे सगळं खरंय. पण त्यासाठी दरवर्षी झाडांचं कवळ (पाल्यासकट फांद्या) तोडावं लागतं, शेण जळून जातं जे खताला कामाला आलं असतं, आणि काही ठिकाणी डोंगरउतारावरची झाडं नुसते खुंट होऊन उभी आहेत ती मी बघितलीत. शहरातून आलेल्याला जुनं म्हणजे सगळं चांगलंच असं वाटत असतं, त्याला एका बाजूला राब आणि शेजारी तुसाच्या राखेचा गादीवाफा (उंच केलेला सपाट वाफा) असं दोन्ही दाखवा, कोणतं रोप कसं आलं ते तो आवणीला आल्यावर स्वतः बघेल.

गच्चीबाग_नाशिक:
फ्लॅटमध्ये काय वापरता येईल याचं माझं उत्तर एकच, बियाणं धरायला शिकवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठीच. कुंडीतसुद्धा हे जमतं.
घेवडा-वालापासून सुरुवात करा, स्वतःच्याच परागानं फळतात म्हणून जात सहसा बिघडत नाही, शेंग वेलावरच वाळू द्यायची. भेंडी तडकायला लागेपर्यंत झाडावर ठेवायची, वांगं पिवळं पडेपर्यंत. टोमॅटोचा गर थोड्या पाण्यात दोन-तीन दिवस झाकून ठेवायचा, वर बुरशीचा पापुद्रा येतो आणि वास सुटतो, घाबरायचं नाही, त्यानं बियांवरचा बुळबुळीतपणा जातो, मग चाळणीत चोळून धुवायचं आणि सावलीत ताटलीवर वाळवायचं, कागदावर नको, बी चिकटून बसतं. लाल भोपळा, दोडका, काकडी यांचं जरा जपून, भोपळा भोपळ्यात मिसळतो. मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायचं, सकाळी आपल्याच वेलाच्या नर फुलाचे पराग लावायचे आणि परत बांधायचं (दोडका संध्याकाळी उमलतो, त्याचं उलट). आणि हे सांगायला विसरू नका की हायब्रीडच्या पाकिटातलं बी धरलं तर पुढच्या पिढीत फळ सारखं येत नाही, लोक हिरमुसतात आणि सोडून देतात. वाळलेल्या बियाला राख चोळून गाडग्यात नाहीतर काचेच्या बरणीत, कोरडी जागा आणि वर तारीख. प्रत्येकाला जाताना सासूबाईंच्या हातचं मूठभर गावठी बी द्या, पुढच्या वर्षी त्यानं तेवढंच परत आणून द्यायचं.

डोंबिवली_फास्ट:
मी अशा ठिकाणी जाऊन आलोय म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. भाषण नको, हातात काम द्या. मला सगळ्यात उपयोगी पडली ती साठवण, आई आता वर्षाचे गहू भरते तेव्हा कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून, एरंडेल चोळून भरते, गरम धान्य डब्यात भरलं की आत घाम धरतो आणि कीड लागते हे आम्हाला माहितीच नव्हतं. तांदळात कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला टाकतो. कणगी शेणामातीनं सारवायला दिली तर शहरातली माणसं दिवसभर उठणार नाहीत बघा.

आरोग्य_ताई:
एक महत्त्वाचं. पायाला चीर, जखम, फोड असेल त्याला खाचरात उतरवू नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि भातशेतीत तो धोका खराच आहे. काम झालं की स्वच्छ पाण्यानं साबण लावून हातपाय धुवायची सोय ठेवा, आणि घरी गेल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना भाताच्या खाचरात उतरलो होतो हे आवर्जून सांगा असं सगळ्यांना निघतानाच बजावा.

मुळशीची_सून:
सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना पूर्ण वाचून दाखवलं. गादीवाफा शेजारी करून बघायला त्या तयार आहेत पण म्हणाल्या आंबेमोहराचं रोप मी राबावरच करणार, तर इंद्रायणी गादीवाफ्यावर घेतेय. रोपांच्या मुठी (जुड्या) बांधायला आणि कणगी सारवायला त्या स्वतः बसणार आहेत, फीचा आकडा मी बायकांशी बोलूनच ठरवते. नाशिकच्या ताई, वालाचं बी आमच्याकडं आहे पण गावठी वांग्याचं हरवलंय, काटेरी देठाचं होतं, तुमच्याकडं असेल तर पोस्टानं पाठवाल का? मी आंबेमोहराचं पाठवते.