पगार माझा, व्यवहार यजमानांच्या हाती: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. मी 41 वर्षांची असून नाशिकमधील एका खासगी प्रयोगशाळेत सोळा वर्षे नोकरी करते आहे. पगार माझ्याच खात्यात जमा होतो, परंतु त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक यजमानांचा आहे, एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात असते आणि विवरणपत्र त्यांच्या ओळखीचे कर सल्लागार भरतात. यात कोणी माझ्यावर अन्याय केला, असे मुळीच नाही. लग्नानंतर "हे सगळे मी बघतो" असे ते म्हणाले आणि मलाही ते सोयीचे वाटले. गेल्या महिन्यात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रात्री दाखल करावे लागले. काउंटरवरील मुलीने मेडिक्लेमचा पॉलिसी क्रमांक विचारला, मी घरी येऊन कपाटाचे तीन कप्पे उपसले, तरी कागद सापडेना. शेवटी वेदनेने कळवळणाऱ्या माणसालाच विचारावे लागले. आयुर्विम्याची एक पॉलिसी, बँकेत दोन मुदत ठेवी आणि पतसंस्थेत साडेसहा लाख रुपये आहेत, एवढेच मला ऐकून माहीत आहे. गुंतवणुकीचा एखादा वर्ग लावावा, की सल्लागार गाठावा?

उत्तर 1

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आहे. तूर्त वर्गही नको आणि सल्लागारही नको; आधी मोबाइल क्रमांक बदलून घ्या. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, व्यवहार त्याच्या हाती असतो, मग खात्यावर नाव कोणाचेही असो. शाखेत स्वतः जाऊन लेखी अर्ज द्या. "साहेबांना पाठवून द्या" असे कोणी म्हणालेच, तर खाते माझे आहे आणि सही माझीच लागेल, असे शांतपणे सांगा. आधारला आणि भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला (आपल्या निधी-खात्याच्या कायम क्रमांकाला) कोणता क्रमांक जोडला आहे, तेही त्याच आठवड्यात पाहा.

निधीबाबत आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. लग्नापूर्वी आई किंवा वडिलांच्या नावे केलेले नामनिर्देशन लग्नानंतर अवैध ठरते आणि ते नव्याने करावे लागते. त्यानंतर आयकर पोर्टलवर आपल्या पॅनने प्रवेश करून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्या. कोणत्या बँकेतून किती व्याज मिळाले हे त्यात दिसते, त्यामुळे विसरलेली एखादी ठेवही सापडते. मात्र त्यात आपल्या पॅनवरचेच व्यवहार असतात. यजमानांच्या नावावरचे त्यांच्या विवरणात पाहावे लागतील, आणि ते दोघांनी शेजारी बसून पाहिलेले उत्तम.

उत्तर 2

मला पतसंस्थेतील साडेसहा लाखांची काळजी वाटते. ठेव विमा बँकांतील ठेवींना असतो: एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंत (4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती). नागरी सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर तालुक्याच्या गावी अशाच एका संस्थेत रक्कम ठेवली होती; व्याज एक टक्का जास्त होते आणि अध्यक्ष रोज सकाळी देवळात भेटत असत. ती रक्कम सुटी होऊन हाती यायला नऊ वर्षे लागली. सगळ्याच संस्था तशा नसतात, हे मान्य. तरीही ठेवीची मुदत संपेल तसतशी रक्कम बँकेत वळवावी, असे मी म्हणेन.

उत्तर 3

आयुर्विम्याच्या पॉलिसीविषयी थोडे सांगतो, कारण "ती मोडून टाका" असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. समजा, वर्षाला 30,000 रुपये हप्ता 20 वर्षे भरून शेवटी 11 लाख मिळणार असतील, तर परतावा जेमतेम साडेपाच टक्के पडतो. तेच पैसे 7.1 टक्के दराने पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) सव्वातेरा लाखांच्या आसपास गेले असते. परंतु हा हिशेब नवी पॉलिसी घेण्यापूर्वी करायचा असतो. बरेच हप्ते भरून झाले असतील, तर आधी समर्पण मूल्य (आज पॉलिसी मोडल्यास मिळणारी रक्कम) आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागवा, आणि टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा विमा) हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी बंद करू नका.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. कालच बँकेत जाऊन आले. "साहेबांना पाठवा" हे वाक्य खरोखरच ऐकायला मिळाले, पण अर्ज घेतला गेला. पेन्शन आणि निधीचे नामनिर्देशन तपासले. तिथे अजून माझ्या आईचे नाव होते. संध्याकाळी यजमानांनी स्वतःहून फाइल काढली आणि एका दोनशे पानी वहीत आम्ही एकेक पावती उतरवत बसलो. पतसंस्थेच्या पावतीवर नामनिर्देशित म्हणून सासूबाईंचे नाव निघाले. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली आहेत. सोमवारी आम्ही दोघेही तिथे जाणार आहोत.