एकही व्यावसायिक लढत न खेळलेले कस डॅमाटो एवढे मोठे प्रशिक्षक कसे झाले?

वाटसरू यांचा प्रश्न:

माइक टायसनच्या जुन्या लढती पाहताना त्याचे गुरू कस डॅमाटो यांच्याविषयी थोडेफार वाचले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९०८ साली जन्मलेला हा माणूस लहानपणी गल्लीतल्या मारामाऱ्यांत वाढला, अशाच एका मारामारीत त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि त्यामुळे व्यावसायिक बॉक्सर होण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. आपल्याकडे तालमीतला वस्ताद स्वतः कधीकाळी मैदान गाजवलेला असतो आणि म्हणूनच पोरे त्याचा शब्द झेलतात. मग ज्याने व्यावसायिक रिंगमध्ये पाऊल ठेवले नाही, त्याच्या हाताखाली तीन विश्वविजेते कसे घडले? दुसरी शंका अशी की डॅमाटो एकाच वेळी प्रशिक्षकही होते आणि मॅनेजरही. ही दोन कामे एकाच माणसाकडे असणे बॉक्सरच्या हिताचे असते का?

जुना आखाडा:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या गल्लीतच आहे, असे मला वाटते. रिंगमध्ये पंच असतो, घंटा असते, समोरचा साधारण आपल्याच वजनाचा असतो. रस्त्यावर यातले काहीही नसते, आणि म्हणून तिथे भीतीची ओळख फार लवकर व फार नीट होते. डॅमाटोंनी आयुष्यभर शिकवले ते मुख्यतः या भीतीविषयी. भीती ही विस्तवासारखी असते, ताब्यात ठेवली तर चूल पेटते आणि सुटली तर घर जळते, अशा आशयाचे ते सतत बोलत. शूर आणि भित्रा या दोघांच्याही पोटात तोच गोळा येतो, फरक पडतो तो पुढच्या कृतीत, हे त्यांचे दुसरे आवडते प्रतिपादन.

मॅनहॅटनमध्ये चौदाव्या रस्त्यावर त्यांचे ग्रामर्सी जिम होते. तिथे पोहोचायला उंच, अंधारा जिना चढावा लागे. एखादा मुलगा सोबतीला कोणी न घेता एकटाच तो जिना चढून आला आणि मला बॉक्सिंग शिकायचे आहे म्हणाला, तर त्याच्यात काहीतरी आहे असे ते धरून चालत. ही परीक्षा ठोसा मारण्याच्या आधीच झालेली असे. असा कस लावणाऱ्याचे नावही कस असावे, हा योगायोग फक्त मराठी वाचकालाच कळणार!

कागदपत्री:

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण मॅनेजर डॅमाटो हे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या लढतींवर जेम्स नॉरिस यांच्या ‘इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब’ या संस्थेची जवळजवळ संपूर्ण मक्तेदारी होती, आणि तिच्या सावलीत फ्रँकी कार्बो या गुन्हेगारी जगतातील माणसाचा वावर होता. अजिंक्यपदाची लढत हवी असेल, तर या मंडळींच्या अटी मान्य कराव्या लागत. डॅमाटोंनाही सुरुवातीला त्यांच्याच मंचावर यावे लागले. ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागोत त्यांच्या फ्लॉइड पॅटरसनने आर्ची मूरला हरवले आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो तोपर्यंतचा सर्वांत तरुण हेवीवेट विश्वविजेता ठरला. किताब हाती येताच मात्र डॅमाटोंनी त्या संस्थेशी असहकार पुकारला. पुढे सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली भरलेल्या खटल्यात संस्था हरली, १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश कायम केला, आणि १९६१ मध्ये कार्बोला २५ वर्षांची शिक्षा झाली.

येथवर गोष्ट सरळ वाटते. पण या लढ्याची किंमत कोणी मोजली, हे पाहायला हवे. त्या संस्थेशी संबंध असलेले प्रतिस्पर्धी नकोत, म्हणून पॅटरसनपुढे कोण आले? १९५७ मध्ये सिॲटल येथे पीट रॅडमाकर! हा १९५६ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता खरा, पण त्याची ती पहिलीच व्यावसायिक लढत होती आणि तीही थेट विश्वविजेतेपदासाठी. त्याने दुसऱ्या फेरीत पॅटरसनला खाली पाडले, सहाव्या फेरीत तो स्वतः बाद झाला. लोकांनी चेष्टा केली ती पॅटरसनची. जून १९५९ मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने तिसऱ्या फेरीत त्याला सात वेळा खाली पाडून किताब हिरावला. त्या लढतीमागच्या पैशांची चौकशी झाली, तेव्हा त्यात गुन्हेगारी टोळीतील माणसाचे नाव निघाले आणि डॅमाटोंचा न्यूयॉर्कमधील मॅनेजरचा परवानाच काढून घेतला गेला. टोळ्यांविरुद्ध दंड थोपटणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, यात त्यांचा दोष किती आणि भोळेपणा किती, हे ज्याने त्याने ठरवावे. वर्षभरात पॅटरसनने किताब परत मिळवला आणि तसे करणारा तो पहिला हेवीवेट ठरला. मात्र सॉनी लिस्टनशी लढू नको हा डॅमाटोंचा सल्ला त्याने मानला नाही, आणि १९६२ मध्ये तो पहिल्याच फेरीत बाद झाला. सल्ला अचूक होता, पण तोवर मॅनेजर आणि बॉक्सर यांच्यातला विश्वास विरत आला होता.

डावखुरा:

‘जुना आखाडा’ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. भीतीचे तत्त्वज्ञान उत्तम, पण तेवढ्याने विश्वविजेते होत नाहीत. डॅमाटोंची खरी कमाई तंत्राची होती. दोन्ही मुठी गालांना लावलेल्या, कोपरे बरगड्यांशी घट्ट, छाती प्रतिस्पर्ध्यासमोर आणि डोके सतत डावीउजवीकडे हलते, असा त्यांचा बचाव असे. तान्ह्या मुलांशी आपण ‘बुवा कुक’ खेळतो, त्याच अर्थाचे इंग्रजी नाव टीकाकारांनी या पवित्र्याला थट्टेने दिले. या पवित्र्यात ठोसा नुसता अडवायचा नसतो. तो चुकवतानाच शरीराचे वजन एका पायावर येते आणि उलटा ठोसा तिथूनच सुटतो. हेवीवेटमध्ये बुटक्या ठरणाऱ्या, जेमतेम पाच फूट दहा इंचांच्या टायसनला उंच प्रतिस्पर्ध्याच्या लांब हातांच्या आत शिरायला हीच वाट होती.

होझे टोरेस या आपल्या दुसऱ्या शिष्यासाठी त्यांनी गाद्या गुंडाळून माणसाच्या धडाएवढे लक्ष्य बनवले होते आणि त्यावर जागोजागी आकडे लिहिले होते. टेपरेकॉर्डरवर आकडे पुकारले जात, त्या क्रमाने ठोसे मारायचे. पाढे पाठ करावेत तसे! प्रतिस्पर्धी विली पास्ट्रानोच्या नावावरून त्या लक्ष्याला ‘विली’ म्हणत, आणि मार्च १९६५ मध्ये टोरेसने खऱ्या विलीला हरवून लाइट हेवीवेटचा किताब मिळवला. अशी साधने शोधायला माणूस स्वतः रिंगमध्ये उतरलेला असावाच लागतो असे नाही, त्याला बारकाईने पाहता यायला हवे. एका डोळ्याने का होईना.

वाटसरू:

आभारी आहे. पॅटरसनच्या बाबतीत मॅनेजरने प्रशिक्षकावर कुरघोडी केली, असे दिसते. टायसनच्या वेळी ते टळले का?

कागदपत्री:

त्या वेळी भूमिका आणखी वाढल्या. सुधारगृहात असलेला टायसन डॅमाटो राहत त्या कॅट्सकिल गावी आला, तेव्हा तो जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा होता. आईच्या मृत्यूनंतर डॅमाटो त्याचे कायदेशीर पालकही झाले आणि तो त्यांच्याच घरी राहिला. सहायक प्रशिक्षक टेडी ॲटलस यांचे म्हणणे होते की मुलाला शिस्त लावण्यात कसूर होते आहे. त्यावरून बिनसले आणि ॲटलस बाहेर पडले. माझ्या मते ॲटलस यांचे बरोबर होते. सत्तरी ओलांडलेल्या डॅमाटोंना हा आपला शेवटचा विश्वविजेता आहे हे कळत होते, आणि अशा वेळी पालकाने जिथे ‘नाही’ म्हणायला हवे तिथे प्रशिक्षकाला घाई असते. पैशांचा व्यवहार मात्र त्यांनी या खेपेला जिम जेकब्ज आणि बिल केटन यांच्यावर सोपवला होता.

४ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यूमोनियाने डॅमाटो गेले, तेव्हा टायसन व्यावसायिक होऊन आठ महिने झाले होते. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी लास व्हेगासमध्ये त्याने ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून हेवीवेटचा किताब मिळवला. वय २० वर्षे ४ महिने. मोडला तो विक्रम पॅटरसनचा होता.