ट्रेलर मागे असताना हात सोडायचे का?

पाचवं_चाक (धागाकर्ता)

'रोड ट्रिपला पिकअप' या धाग्यावर काल एकांनी लिहिलं: 'सिएरा पिकअपला कॅम्पर (राहायचा ट्रेलर) जोडा, इंटरस्टेटवर हिरवा दिवा लागला की पाय लांब करा. टेक्सास पार होईपर्यंत ट्रक आपला आपण जातो.' त्याखाली 'मस्त माहिती', 'नोंद केली' असे प्रतिसाद आले. कुणी वाचून खरंच तसं केलं तर काय, या काळजीने वेगळा धागा काढतोय.

सुपर क्रूझ म्हणजे जनरल मोटर्सची (जीएम) हात सोडून चालवू देणारी यंत्रणा. तिचा हिरवा दिवा हात सोडायची परवानगी देतो, नजर सोडायची नाही. स्टिअरिंग कॉलमवरचा इन्फ्रारेड कॅमेरा तुमचे डोळे आणि डोकं कुठे वळलंय ते बघत असतो. नजर हटली की दिवा लुकलुकतो, तरी लक्ष दिलं नाही की लाल होतो, मग ट्रक वेग कमी करत लेनमध्येच थांबतो. लेनमध्येच, रस्त्याकडेच्या शोल्डरवर नाही. मागून मोठा सेमी ट्रक येत असताना चालत्या लेनमध्ये थांबलेला कॅम्पर हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

आता ट्रेलर. जीएमच्या २०२२च्या सिएरा डेनाली आणि सिल्व्हराडो हाय कंट्री या पिकअपपासून ट्रेलर ओढतानाही हे चालतं, मान्य. पण ट्रेलर जोडला की आपोआप लेन बदलणं बंद होतं. आणि जागा किती उरते ते बघा: इंटरस्टेटची लेन १२ फुटांची, म्हणजे १४४ इंच. फोर्ड एफ-१५०सारखा ट्रक आरसे सोडून ८० इंचांचा, दोन्ही बाजूंना ३२-३२ इंच मोकळे. ट्रेलर कायद्याने १०२ इंचांपर्यंत रुंद असू शकतो, म्हणजे बाजूला उरले फक्त २१. शिवाय वळणावर ट्रेलरची चाकं आतून कापतात. ट्रकला मधोमध ठेवणारी यंत्रणा ट्रकला मधोमध ठेवते, ट्रेलरला नाही. हाताने चालवणारा ड्रायव्हर डाव्या वळणावर ट्रक थोडा उजवीकडे धरतो. यंत्रणा तसं करेल यावर विसंबू नका. कामं चालू असतात तिथे लेन १० फुटांवर येते, तेव्हा ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना ९-९ इंच राहतात. तिथे हात स्टिअरिंगवर हवेतच.

तरीही वापरायचंच असेल तर पुढच्या गाडीपासूनचं अंतर सगळ्यात लांबच्या सेटिंगवर ठेवा. वेग ताशी ६५ मैलांच्या वर नको, कारण बऱ्याच एसटी टायरांची (खास ट्रेलरसाठीच्या टायरांची) मर्यादा तेवढीच असते. टायरच्या कडेवर वेगळा वेग छापलेला असेल तर गोष्ट निराळी. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायदाच ५५चा. आणि बाजूचा वारा सुटला की बंद. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लॅरामी ते रॉलिन्स हा पट्टा ट्रेलरवाल्यांना माहीत आहे, तिथे याचा प्रयोग करू नये.

---

मोटारनगरी

पाय लांब करण्याबद्दल बोललात ते बरोबर. बाकीच्या निष्कर्षाशी असहमत.

सहा तास ट्रेलर ओढताना दमवतं काय? दर सेकंदाला स्टिअरिंगला द्यावी लागणारी बारीक दुरुस्ती. पाचव्या तासाला माणूस लेनमध्ये डावी-उजवीकडे झोके खातो, यंत्रणा पहिल्या मिनिटाला चालवते तशीच पाचव्या तासालाही चालवते. तो भार उतरला की डोळे आरशांकडे, ट्रेलरच्या टायरांकडे, दोन गाड्या पुढच्या ब्रेकलाइटकडे जातात.

वारा आणि ट्रेलरच्या झोक्याबद्दलही उलटं सांगतो. ट्रेलर डुलायला लागला की करायचं काय? ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही, डॅशवरच्या ट्रेलर ब्रेकची कळ हाताने दाबायची. घाबरलेला माणूस नेमका स्टिअरिंग उलटसुलट फिरवतो आणि झोका वाढवतो. एक हात मोकळा असेल तर तो कळीपाशी ठेवता येतो.

आणि आकडेच हवेत तर आयआयएचएस या अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने मार्च २०२४मध्ये अशा १४ यंत्रणा ड्रायव्हरवर नीट लक्ष ठेवतात का ते तपासलं. ११ नापास झाल्या. एकीला 'स्वीकारार्ह', दोघींना 'जेमतेम'. त्या दोघींत एक सिएराची सुपर क्रूझ. ड्रायव्हर प्रतिसाद देत नसेल तर काय करायचं, या भागात सगळ्या अटी पूर्ण करणारी तीच. म्हणजे पिकअपवाल्यांनी लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

---

पाचवं_चाक

कळीपाशी हात ठेवायचा हा मुद्दा चांगला आहे, तो मानतो. पण त्याच्यासाठी ब्रेकचा गेन (ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते) आधी नीट लावलेला हवा. सपाट रिकाम्या रस्त्यावर ताशी २०-२५ मैलांवर कळ पूर्ण दाबून बघा. ट्रेलरची चाकं लॉक झाली तर गेन कमी, ट्रेलर ओढल्यासारखा वाटला नाही तर जास्त. ओझं बदललं की परत. हे न करता निघणारे खूप आहेत, आणि क्रूझने स्वतः ब्रेक मारला की त्यांचा ट्रेलर मागून ट्रकला ढकलतो.

'जेमतेम' हे प्रशस्तिपत्रक म्हणून मिरवू नका. आयआयएचएस आणि त्यांचीच विमा-आकडेवारी तपासणारी संस्था एचएलडीआय यांनी जुलै २०२४मध्ये सांगितलं की या अर्धस्वयंचलित यंत्रणांमुळे अपघात टळतात याचा पुरावा त्यांना सापडलेला नाही. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणांचा पुरावा आहे, हात सोडू देणाऱ्यांचा नाही. 'सुरक्षिततेसाठी घेतो' असं जे म्हणतात त्यांनी हे वाचावं. आरामासाठी घेता, तसं सरळ म्हणा.

---

दक्षिणवारा

दोघेही मोठी गोष्ट सोडताय. उभ्या गाड्या.

फेब्रुवारी २०२४, सॅन अँटोनियो, आय-१०: ब्लूक्रूझ (फोर्डची हात सोडू देणारी यंत्रणा) चालू असलेली फोर्डची मस्टँग माक-ई ही विजेची गाडी लेनमध्ये उभ्या असलेल्या होंडा सीआर-व्हीवर आदळली. पुढच्याच महिन्यात फिलाडेल्फियात आय-९५वर तसंच. दोन्ही रात्री, दोन्हीकडे माणसं गेली. एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने चौकशी सुरू केली आणि जानेवारी २०२५मध्ये ती १,२९,२२२ गाड्यांवर वाढवली. त्यांच्या नोंदीतला कळीचा भाग: खोट्या इशाऱ्यांनी गाडी मध्येच ब्रेक मारू नये म्हणून ताशी ६२ मैल आणि त्यावरच्या वेगात ही क्रूझ उभ्या वस्तूंना प्रतिसाद देणं टाळते.

आता हिशेब. ताशी ७० मैल म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. दिवे बंद पडलेली गाडी १०० मीटरवर दिसली तर तुमच्याकडे तीन सेकंद आहेत, आणि मागे तीन टनांचा ट्रेलर. त्यात हात मांडीवर.

---

मोटारनगरी

त्या माक-ई आहेत, पिकअप नाहीत. आणि यंत्रणा फोर्डची, जीएमची नाही. एका कंपनीचा दोष सगळ्यांच्या माथी मारू नका.

---

दक्षिणवारा

एफ-१५०लाही ब्लूक्रूझच येते, २०२१च्या मॉडेलपासून. आणि रडारला उभी गाडी आणि पुलाचा खांब यांच्यात फरक करणं अवघड जातं, हा भौतिकशास्त्राचा भाग आहे. तो कुठल्याही बोधचिन्हाला सुटलेला नाही. ६२चा आकडा फोर्डचा असेल, अडचण सगळ्यांची आहे. ट्रकच्या पुस्तकात 'उभ्या वाहनांना प्रतिसाद देईलच असं नाही' हे वाक्य शोधा, मग बोला.

---

मोटारनगरी

पुस्तकात ते वाक्य आहे. नाकारत नाही. रात्री ट्रेलर मागे असताना वापरू नये, एवढं मान्य करतो. दिवसाचं मान्य नाही.

---

लोखंडवाला_एमएन

अवांतर, पण कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. लेव्हलिंग किट, म्हणजे ट्रकची पुढची बाजू उचलायचा संच.

इथले निम्मे ट्रकवाले नवी गाडी आली की पुढून दोन इंच उचलतात, मोठे टायर घालतात, बंपरवर ग्रिल गार्ड किंवा विंच बसवतात, आणि मग 'क्रूझ मध्येच सुटते' म्हणून ओरडतात. रडार पुढच्या ग्रिल-बंपरच्या मध्यात बसलेलं असतं. त्याच्यासमोर लोखंड लावलंत की ते आंधळं. हिवाळ्यात आमच्याकडे बर्फाचा चिखल जमला तरी तेच होतं, बर्फ ढकलायचा प्लाऊ लावणाऱ्यांनी तर अपेक्षाच ठेवू नये.

किटचा हिशेब करा. क्रू कॅब, छोटा बेड, व्हीलबेस साधारण १४५ इंच. पुढून २ इंच वर म्हणजे ०.८ अंश. १०० मीटरवर रडारचा मध्य जवळजवळ १.४ मीटर वर गेला. सेडानची उंचीच तेवढी असते.

टायरही तेच. २७५/६५आर१८ काढून २८५/७५आर१८ घातलेत तर व्यास साडेआठ टक्क्यांनी वाढतो. संगणकाला नवा आकार सांगितला नाही तर क्रूझ ६५ समजून ७०च्या वर पळवते. वर पाचवं_चाक यांनी एसटी टायरांची मर्यादा सांगितली, ती न कळत ओलांडली जाते.

---

गॅरेजवाले_अण्णा

लोखंडवाला, ०.८ अंशांचा बाऊ करू नका. ट्रकमध्ये हजार पौंड माती टाकली की मागची बाजू तेवढी बसतेच. कंपनी हे धरूनच रडारला उभ्या दिशेत सवलत देते. पुढच्या काचेवरचा, रस्ता बघणारा कॅमेरा चालता चालता स्वतःला जुळवून घेतो. किट लावलेल्या प्रत्येक ट्रकची क्रूझ बिघडली असती तर डीलरकडे रांगा लागल्या असत्या.

---

लोखंडवाला_एमएन

अण्णा, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. कंपनीने सवलत ठेवली ती ओझ्यासाठी. किटने ती आधीच खाल्ली. आता त्यावर ट्रेलर जोडा. सहा हजार पौंडांच्या ट्रेलरचं टंगवरचं (पुढच्या जोडदांड्यावरचं) वजन १० ते १५ टक्के धरलं तर ६०० ते ९००. मागची बाजू दोन इंच खाली, पुढची किटमुळे दोन इंच वर. १.६ अंश. १०० मीटरवर पावणेतीन मीटर. पुढची छोटी गाडी रडारच्या मध्याखालून गेली. हेडलाइटही तितकेच वर, समोरच्याच्या डोळ्यांत.

---

गॅरेजवाले_अण्णा

किरण सुईसारखा नसतो हो, पंख्यासारखा पसरतो. मध्य वर गेला म्हणजे गाडी दिसेनाशी होत नाही, संकेत कमजोर होतो.

---

लोखंडवाला_एमएन

कमजोर म्हणजे उशिरा. आणि उशिराची किंमत वर दक्षिणवारांनी सेकंदांत मांडली आहे. किट विकताना 'क्रूझ आणि कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करून (नेमका जुळवून) घ्या' असं किती दुकानं सांगतात? अलाइनमेंट करतात, स्टिअरिंग सरळ झालं की बिल हातात देतात. काच बदलली तरी तोच प्रकार. हे मला अक्षम्य वाटतं.

---

गॅरेजवाले_अण्णा

काचेचं बरोबर आहे. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन झालंच पाहिजे, त्यात वाद नाही. किटनंतरही करावं, ठीक. पण 'किट लावलं तर हँड्स-फ्री वापरूच नये' हे टोकाचं आहे. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बारांनी ट्रेलरचं ओझं पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) लावा, पुढच्या चाकांवर भार परत येतो, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

---

तळेगावकर

मी हा धागा समृद्धीच्या आशेने वाचत होतो. ७०१ किलोमीटर, १२०ची मर्यादा, तिथे असलं काही कधी येणार?

---

दक्षिणवारा

तळेगावकर, दोन्ही यंत्रणा आधीच मोजून ठेवलेल्या रस्त्यांवरच हात सोडू देतात. फोर्डने ठरवलेले 'निळे' रस्ते काय, जीएमचा लायडारने (लेझरने) मोजलेला नकाशा काय, या ट्रकांसाठी तो अमेरिका-कॅनडाचा आहे. नकाशा नसला की हात सोडायची परवानगीही नाही. आणि उलट दिशेने येणारी दुचाकी हा प्रकार यांच्या गणितात बसत नाही.

---

बे_खिडकी

सगळे किटवर घसरलात. मला चीड येते ती भाड्याची. कॅमेरा, रडार, तारा सगळं मी विकत घेतलेल्या ट्रकमध्ये बसलेलं, आणि चाचणीचा काळ संपला की महिन्याला पैसे. ऑक्टोबर २०२४मध्ये फोर्डने दर ७५ डॉलरवरून ४९.९९वर आणला, एकरकमी २,४९५. वर्षातून दोनदा लांब जाणाऱ्याने वर्षभर का भरायचे?

---

मोटारनगरी

महिन्यापुरतं घेता येतं ना. सुट्टीच्या महिन्यात घ्या, नंतर बंद करा. नकाशा सतत मोजत राहायला खर्च येतो, तो कुणीतरी देणारच. किटवाल्यांनी मात्र एक सांगावं: घरच्या घरी तपासायचं कसं?

---

लोखंडवाला_एमएन

किट लावण्याआधी सपाट जमिनीवर चारही फेंडरच्या कमानीची उंची चाकाच्या मध्यापासून मोजून लिहून ठेवा. आधी लावलं असेल तर आत्ताची मोजा. मग ट्रेलर जोडून, टाकी आणि बेड प्रवासाला निघताना असतील तसे भरून परत मोजा. वेट डिस्ट्रिब्यूशनचे बार असे ताणा की पुढची उंची ट्रेलर जोडण्याआधीच्या उंचीपर्यंत, किंवा तुमच्या ट्रकच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात, खाली येईल. त्यापेक्षा जास्त ताणू नका, मागची चाकं हलकी पडतात आणि ट्रेलर डुलतो. एवढं करूनही मागची बाजू दीड-दोन इंच बसलेली राहिली तर त्या फेरीला हात स्टिअरिंगवरच ठेवा.

---

गॅरेजवाले_अण्णा

यावर सहमत. फक्त बार ताणताना ट्रक आणि ट्रेलर एका सरळ रेषेत उभे हवेत, आणि कपलर (ट्रेलरची जोडकडी) ट्रकच्या बॉलवर चढवलेला असताना ट्रेलरच्या जॅकने ट्रेलर पुढून उचलून मग बारची साखळी अडकवा. नाहीतर बार उसळून हाताला लागतो.